संगणकावरचं ऊर्जा-लेबल कसं वाचायचं, कसं पडताळायचं

आधी खोक्यावरच्या चिन्हांची चाळणी करा. ‘सीई’ म्हणजे माल युरोपीय कायद्यांनुसार असल्याची उत्पादकाने स्वतः केलेली घोषणा. फुली मारलेली कचरापेटी एवढंच सांगते, की हे यंत्र घरच्या कचऱ्यात टाकू नका. पान, पृथ्वी किंवा थेंब असं कंपनीने स्वतःच काढलेलं हिरवं चित्र आयएसओ १४०२१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या गटात येतं, म्हणजे स्वयंघोषित दाव्यात. त्रयस्थ संस्थेने तपासून दिलेली लेबलं आयएसओ १४०२४ मध्ये येतात. खरेदी करताना भरवसा ठेवायचा तो दुसऱ्या गटावर.

संगणकांच्या बाबतीत तीन नावं वारंवार दिसतात. अमेरिकेचं एनर्जी स्टार १९९२ साली सुरू झालं आणि ते फक्त विजेच्या वापराबद्दल बोलतं. स्वीडनचं टीसीओ सर्टिफाइड विजेसोबत घातक रसायनं, दुरुस्तीची सोय आणि कारखान्यातल्या कामगारांची परिस्थितीही पाहतं. २००६ पासूनच्या ईपीट या पर्यावरणीय लेबलाला ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड अशा पायऱ्या आहेत. ब्राँझसाठी सगळ्या अनिवार्य अटी पूर्ण कराव्या लागतात. सिल्व्हरसाठी त्यांच्या जोडीला ऐच्छिक गुणांपैकी निदान ५० टक्के आणि गोल्डसाठी ७५ टक्के गुण लागतात.

स्टिकर पाहून थांबू नका, त्या-त्या योजनेच्या ऑनलाइन यादीत मॉडेल शोधा. जाहिरातीतलं नाव तिथे चालत नाही. यंत्राच्या तळाशी छापलेला पूर्ण मॉडेल क्रमांक टाकावा लागतो. एकाच नावाखाली वेगवेगळे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डं विकली जातात आणि त्यातल्या काहीच जोडण्या प्रमाणित असतात. ईपीटमध्ये नोंदणी देशागणिक होते, त्यामुळे तोच लॅपटॉप एका देशात यादीत सापडेल आणि दुसऱ्यात नाही. पडताळणी हवीच, याचा नमुना २०१० साली दिसला. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने एनर्जी स्टारकडे २० बनावट उत्पादनं पाठवली आणि त्यातली १५ मंजूर झाली. त्यात पेट्रोलवर चालणारं गजराचं घड्याळही होतं! स्वतंत्र प्रयोगशाळेतली चाचणी त्यानंतर सक्तीची झाली.

यादीत मॉडेल सापडलं, की ‘टीईसी’चा आकडा बघा. वर्षभरात किती युनिट लागतील याचा हा अंदाज असतो. बंद, स्लीप, पडदा विझलेला रिकामा (म्हणजे काही काम न करणारा) आणि पडदा चालू असलेला रिकामा, अशा चार अवस्थांतले वॅट मोजून त्यांना ठरावीक वेळेचा भार दिला जातो. इथे दोन गोष्टी निसटतात. प्रत्यक्ष कामाचा ताण या आकड्यात धरलेला नसतो, त्यामुळे रात्रंदिवस व्हिडिओ रेंडर करणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नाही. दुसरं म्हणजे जास्त मेमरी आणि तगडं ग्राफिक्स कार्ड असलेल्या यंत्राला वीजवापराची मर्यादाही जास्त मिळते. दोन्ही यंत्रांवर सारखंच लेबल असलं, तरी एक दुसऱ्याच्या दुप्पट वीज खाऊ शकतं. म्हणून कोटेशन मागवताना ‘लेबल आहे का’ असं न विचारता टीईसीचा आकडा आणि प्रमाणपत्राची तारीख लेखी मागा.

मॉनिटर वेगळा मोजला जातो. युरोपमध्ये १ मार्च २०२१ पासून त्याच्यावर ए ते जी अशी श्रेणी असते आणि दर १,००० तासांना किती युनिट लागतात ते लिहिलेलं असतं. हा आकडा म्हणजेच सरासरी वॅट. २० लिहिलं असेल तर २० वॅट. एचडीआरचा, म्हणजे जास्त उजळ-गडद चित्रं दाखवतानाचा, आकडा वेगळा असतो आणि तो बराच मोठा असू शकतो. ब्राइटनेस वाढवला, की यातला कुठलाच आकडा लागू राहत नाही.

पॉवर सप्लायवरच्या ८० प्लस या कार्यक्षमतेच्या चिन्हाचा सगळ्यात जास्त गैरसमज होतो. ११५ व्होल्टच्या चाचणीत गोल्डला २०, ५० आणि १०० टक्के भारावर अनुक्रमे ८७, ९० आणि ८७ टक्के कार्यक्षमता दाखवावी लागते. पण ७५० वॅटचा सप्लाय लावलेला संगणक नुसता बसून ३० वॅट घेत असेल, तर तो भार झाला ४ टक्के. तिथे सप्लाय कसा वागतो, हे गोल्डच्या चिन्हावरून कळत नाही. ११५ व्होल्टच्या चाचण्यांपैकी फक्त टायटॅनियम या सर्वांत वरच्या पायरीची चाचणी १० टक्क्यांपर्यंत खाली जाते. गरजेपेक्षा मोठा सप्लाय घेऊन वर गोल्डचे पैसे मोजण्यापेक्षा मापातला घ्या. लॅपटॉपच्या अडॅप्टरवर मात्र रोमन आकडा शोधा. सहाव्या पातळीच्या, म्हणजे व्ही-आय छापलेल्या, ४९ वॅटपर्यंतच्या साध्या अडॅप्टरने काहीही न जोडता ०.१ वॅटपेक्षा जास्त घेता कामा नये.

आता स्वतः मोजा. प्लगमध्ये बसणारा वॅटमीटर लावा आणि व्हीए (व्होल्ट-अँपिअर) नव्हे, वॅटचा आकडा वाचा. यंत्र सुरू केल्यावर निदान दहा मिनिटं थांबा, कारण तोवर अपडेट आणि फाइलींची अनुक्रमणी चालू असते. लॅपटॉपची बॅटरी आधी पूर्ण भरू द्या, नाहीतर तुम्ही चार्जिंगच मोजाल. स्वस्त मीटर एका वॅटच्या खाली भरवशाचे नसतात. बंद अवस्थेतला वापर हवा असेल, तर आठवडाभर मीटर लावून ठेवा आणि एकूण युनिटना १६८ तासांनी भागून हजाराने गुणा, म्हणजे वॅट मिळतील. ०.०८ युनिट भरले, तर वापर साधारण अर्धा वॅट.

लेबलातला फायदा खरा पदरात पडतो तो सेटिंगमधून. समजा, संगणक रिकामा असताना ३० वॅट आणि स्लीपमध्ये २ वॅट घेतो. चोवीस तास चालू ठेवला, तर वर्षाला सुमारे २६३ युनिट लागतात; आठ तास चालू आणि सोळा तास स्लीप केला, तर सुमारे ९९. एनर्जी स्टारच्या अटीनुसार पडदा १५ मिनिटांत आणि यंत्र ३० मिनिटांत झोपेल, असंच सेटिंग करून माल पाठवायचा असतो. कार्यालयात नव्याने विंडोज टाकताना नेमकं तेच पुसलं जातं. स्क्रीनसेव्हरने पडदा विझत नाही, तो काढून टाका.

स्लीप लागतच नसेल, तर विंडोजमध्ये प्रशासक म्हणून ‘पॉवरसीएफजी’ ही कमांड ‘रिक्वेस्ट्स’ या पर्यायासह (powercfg /requests) चालवा. कोणता प्रोग्राम किंवा ड्रायव्हर यंत्राला जागं ठेवतोय ते दिसतं. ध्वनीचा प्रवाह उघडा ठेवणारं ब्राउझरचं पान आणि नेटवर्कवर उघडलेली सामायिक फाइल हे नेहमीचे गुन्हेगार. झोपलेलं यंत्र आपोआप उठत असेल, तर त्याच कमांडचा ‘लास्टवेक’ (/lastwake) हा पर्याय वापरा. बहुतेकदा माऊस किंवा नेटवर्क कार्ड सापडतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याची यंत्राला उठवण्याची परवानगी काढा. रात्रीच्या अपडेटसाठी मात्र नेटवर्क कार्डाला फक्त मॅजिक पॅकेटने, म्हणजे नेटवर्कवरून मुद्दाम पाठवलेल्या उठवण्याच्या संदेशाने, उठवण्याची मुभा ठेवा.