दिवा लागला नाही म्हणून सेन्सर बरोबर आहे असं धरू नका

काच बदलली, बंपर रंगवून आला, डॅशबोर्डवर एकही दिवा नाही, म्हणजे सगळं ठीक. चालक-साहाय्य यंत्रणेच्या, म्हणजे कॅमेरा आणि रडारने रस्ता बघून आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेच्या बाबतीत हा समज सगळ्यात घातक आहे. बंद पडलेला सेन्सर बहुतेक वेळा तसं कळवतो. किंचित तिरका बसलेला सेन्सर मात्र चुकीची माहिती बिनदिक्कत देत राहतो.

हिशेब करून पाहा. बंपरमागचं पुढचं रडार एकच अंश बाजूला वळलं, तर 100 मीटरवरची गाडी त्याला सुमारे पावणेदोन मीटर सरकलेली दिसते. साडेतीन मीटरच्या लेनमध्ये ही अर्धी लेन झाली. शेजारच्या लेनमधल्या ट्रकसाठी उगाच ब्रेक लागू शकतो, किंवा समोरचीच गाडी शेजारच्या लेनमध्ये धरली जाते. मला दुसऱ्या शक्यतेची जास्त धास्ती वाटते.

म्हणून पुढची काच बदलल्यावर तिच्यामागच्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याचा 'सरळ' कोन नव्याने नोंदवणं, टाळू नका. 'कॅमेरा होता तसाच बसवलाय' एवढ्यावर समाधान मानू नका. कॅलिब्रेशन चालू असताना जमलं तर तिथे थांबा. जमीन सपाट आहे ना, टायरमध्ये हवा बरोबर आहे ना, डिकी रिकामी आहे ना, हे बघा. डिकीत सामान असलं की गाडी मागून दबते, कॅमेरा थोडा वर बघतो आणि तोच कोन 'सरळ' म्हणून नोंदला जातो. सामान उतरवलं की कॅमेरा गरजेपेक्षा खाली बघू लागतो.

क्रमही हमखास चुकतो. आधी व्हील अलाइनमेंट, मग कॅलिब्रेशन. मागच्या चाकांचा कोन नंतर बदलला, तर गाडीची सरळ चालण्याची दिशा बदलते आणि आधीचं कॅलिब्रेशन वाया जातं.

77 गिगाहर्ट्झच्या रडारची तरंगलांबी जेमतेम 4 मिलिमीटर असते. त्यामुळे समोरच्या थरांचाही त्याच्यावर परिणाम होतो; त्याच्यासमोरच्या बंपरवर पुट्टीचा जाड थर, धातूचे कण असलेल्या रंगाचे थरावर थर किंवा स्टिकर नकोच.

कॅमेऱ्यासमोरची काच आतूनही धूसर होते. तिथे वायपर पोचत नाही आणि कॅमेऱ्याच्या कव्हरमुळे आपलाही हात सहसा जात नाही. सूर्य समोर असताना कॅमेरा वारंवार बंद पडत असेल, तर आधी तिथे बघा.

उगाच ब्रेक लागले, तर वेळ, ऊन-पाऊस, वळण, गाडीतला भार लगेच टिपून ठेवा. वर्कशॉपमध्ये 'एरर कोड नाही' म्हणाले तरी परत फिरू नका. बऱ्याच गाड्यांत स्कॅनरवर रडारचा कोन आकड्यात दिसतो, तो दाखवायला सांगा.