संगणकात शिरलेलं नको ते सॉफ्टवेअर कसं ओळखावं, कसं काढावं

मामांनी लग्नपत्रिकेसाठी मराठी फाँट शोधला आणि समोर दिसलेलं मोठं हिरवं ‘डाउनलोड’ बटण दाबलं. चार दिवसांत क्रोम उघडलं की भलतंच सर्च पान यायला लागलं. फाँटची फाइल टीटीएफ किंवा ओटीएफ असते. त्यांच्याकडे आली होती ईएक्सई, म्हणजे चालणारा प्रोग्रॅम. प्रत्येक चौकटीत ‘नेक्स्ट’ दाबत गेल्यावर फाँटच्या जोडीला आणखी तीन सॉफ्टवेअर बसली. बहुतेक घरांत असंच होतं: संशयास्पद प्रोग्रॅम आपल्याच हाताने येतो. म्हणून शोधाची सुरुवात मी एका प्रश्नाने करते. त्रास नेमका कधी सुरू झाला? ती तारीख कागदावर लिहून ठेवा.

पुढची कृती विंडोज 11 ची आहे. विंडोज 10 मध्ये काही नावं थोडी वेगळी दिसतील.

आधी एक अपवाद. फोनवर कुणी ‘बँकेतून बोलतोय’ किंवा ‘कंपनीतून बोलतोय’ असं सांगून एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर (दुरून आपला संगणक चालवू देणारी सॉफ्टवेअर) टाकायला लावलं असेल, तर बाकी सगळं नंतर. वायफाय बंद करा, केबल असेल तर काढा. मग बँकेला फोन करा, आणि पैसे गेले असतील तर लगेच 1930 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार द्या. ही दोन्ही सॉफ्टवेअर मुळात चांगली आहेत, हजारो लोक कामासाठी वापरतात. पण आपण स्वतःहून टाकलेली नसतील तर ती घरात नकोतच.

आता यादी पाहू. सेटिंग्ज, मग ॲप्स, मग इन्स्टॉल्ड ॲप्स. यादी इन्स्टॉल केल्याच्या तारखेनुसार लावा. तुमच्या कागदावरच्या तारखेच्या आसपास काय आलं आहे ते बघा. ‘पीसी स्पीड वाढवणारं’, ‘ड्रायव्हर अपडेट करणारं’, कूपन देणारं, अनोळखी ब्राउझर, असं काही आपण न मागता आलेलं दिसलं तर समोरच्या तीन टिंबांवर क्लिक करून अनइन्स्टॉल करा. काढताना ‘खरंच काढायचं? काही तरी ठेवा’ अशा आर्जवी चौकटी येतात. तिथेही नीट वाचूनच बटण दाबा. मात्र नाव ओळखीचं नाही म्हणून काही उडवू नका. व्हिज्युअल सी++ च्या पाच-सहा ओळी, ग्राफिक्स, साउंड किंवा प्रिंटरचं सॉफ्टवेअर ही कामाची माणसं आहेत. शंका असेल तर नाव सर्च करा आणि मगच ठरवा.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘स्टार्टअप ॲप्स’मध्ये संगणक सुरू होताच काय काय जागं होतं ते दिसतं. संशय असलेल्या ओळीवर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडा. इथे खरी ओळख पटते, कारण नाव चोरता येतं, पण पत्ता लपवणं अवघड असतं. टास्क मॅनेजरच्याच ‘डिटेल्स’मध्ये ‘एसव्हीसीहोस्ट’ नावाच्या डझनावारी प्रक्रिया चालू दिसतात आणि लोक घाबरतात. त्या विंडोजच्याच असतात आणि सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमधल्या सिस्टम32 मध्ये राहतात. तेच नाव टेम्प किंवा डाउनलोड्स फोल्डरमधून चालत असेल तर तो तोतया समजा. ॲपडेटा फोल्डर मात्र एकट्याने पुरावा होत नाही. झूमसारखी सरळ सॉफ्टवेअरही तिथे राहतात.

ब्राउझरकडे जरा जास्त वेळ द्या, निम्म्या तक्रारी तिथे मिटतात. कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात 5 व्हायरस’ असा इशारा येत राहतो, तेव्हा अनेकदा व्हायरस नसतोच. कुठल्या तरी साइटने सूचना पाठवायची परवानगी मागितली आणि आपण ‘अलाउ’ दाबलं, एवढंच झालेलं असतं. क्रोमच्या साइट सेटिंग्जमधल्या नोटिफिकेशन्समध्ये जाऊन अनोळखी साइट काढा. मग एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडलेली छोटी सॉफ्टवेअर, तपासा आणि वापरात नसलेली काढून टाका. सर्च इंजिन कोणतं निवडलेलं आहे तेही पाहा. घरच्या क्रोमच्या मेनूत ‘तुमच्या संस्थेकडून नियंत्रित’ अशा अर्थाची ओळ दिसली तर थांबा. एखादा अँटिव्हायरसही ती आणू शकतो, पण ते कारण नसेल तर कुणी तरी सेटिंग्ज धरून ठेवली आहेत.

आता स्कॅन. नवं काही डाउनलोड करू नका, विशेषतः त्या इशाऱ्यात सुचवलेला क्लीनर तर मुळीच नको. विंडोज सिक्युरिटीमध्ये आधी फुल स्कॅन करा, मग स्कॅनच्या पर्यायांतला ऑफलाइन स्कॅन चालवा. त्यात संगणक बंद होऊन सुरू होतो आणि विंडोज पूर्ण जागं होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेल्याला आड येता येत नाही. सुमारे 15 मिनिटं लागतात. उघडलेलं काम आधी सेव्ह करा.

काढलेलं पुन्हा परत येत असेल तर टास्क शेड्यूलर, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणारं विंडोजचं साधन, उघडा. मामांकडे चोर तिथेच सापडला: दर तासाला तेच सर्च पान परत लावणारं एक काम, तयार झालेलं नेमकं फाँट उतरवल्याच्या दिवशी.

संगणक स्वच्छ झाल्यावर पासवर्ड बदला, पण शक्यतो दुसऱ्या, खात्रीच्या फोनवरून. आधी ईमेलचा, मग बँकेचा. काही चोर प्रोग्रॅम ब्राउझरमधलं चालू लॉगिनच उचलतात, म्हणून ‘सर्व उपकरणांवरून साइन आउट’ही करा.

एवढं करूनही लक्षणं तशीच राहिली, तर मी वेळ न दवडता विंडोज रीसेट करते, ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडून. त्याआधी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्यायची, पण जुनी इन्स्टॉलर फाइल एकही सोबत न्यायची नाही.