त्रिकोणाचा क्लास: आधी नाही म्हणायला शिकवा

पहिल्या वर्षाच्या प्रोग्रामिंगच्या प्रॅक्टिकलला क्लास (माहिती आणि तिच्यावर चालणारी कामं एकत्र बांधणारा कोडमधला साचा) शिकवताना बहुतेक जण आयत किंवा वर्तुळ घेतात. मी त्रिकोण देते. कोणत्याही दोन धन लांबींचा आयत होतो, कोणत्याही धन त्रिज्येचं वर्तुळ होतं. त्रिकोण होईलच असं नाही. १, २ आणि ४ सेंटिमीटरच्या काड्या घेऊन बसा, टोकं जुळायची नाहीत. आपल्या क्लासला हे कळलं पाहिजे.

भाषा पायथन धरू. पण कीबोर्डला हात लावण्याआधी वहीत तक्ता आखायचा: बाजू, परिमिती, क्षेत्रफळ. उत्तरं हाताने काढायची. यातली प्रत्येक ओळ म्हणजे क्लासची एक टेस्ट. प्रोग्रामने छापलेला आकडा उतरवून त्यालाच ‘अपेक्षित उत्तर’ म्हणणारे प्रत्येक बॅचमध्ये निघतात, त्याला टेस्टिंग म्हणत नाहीत.

पहिली ओळ सगळे ३, ४, ५ लिहितात: परिमिती १२, क्षेत्रफळ ६. ठीक आहे, पण तेवढ्यावर थांबू नका. कुणी क्षेत्रफळ म्हणून पहिल्या दोन बाजूंचा गुणाकार भागिले दोन असं लिहिलं, तरी ही टेस्ट पास होते! ५, १२, १३ ची सुद्धा होते, कारण तोही काटकोन त्रिकोणच. म्हणून १३, १४, १५ घ्या. अर्धपरिमिती २१; तिच्यातून एकेक बाजू वजा केली की ८, ७, ६; २१ × ८ × ७ × ६ = ७०५६, वर्गमूळ ८४, हेच क्षेत्रफळ. चुकीचं सूत्र इथे ९१ देतं आणि पकडलं जातं.

आता नाकारायच्या ओळी. शून्य, ऋण बाजू, १-२-४ हे सगळ्यांना सुचतं. १-२-३ सुटतं. भास्कराचार्यांनी ११५० सालच्या ‘लीलावती’त नियम देऊन ठेवला आहे: सरळ बाजूंच्या आकृतीत एका बाजूपेक्षा बाकीच्यांची बेरीज कमी किंवा तिच्याइतकीच असेल, तर ते अक्षेत्र, म्हणजे अशी आकृती होतच नाही. ‘इतकीच’ विसरू नका. आणि मोठी बाजू तिन्ही जागी ठेवून बघा: १-२-३, १-३-२, ३-१-२. अनेकांच्या कोडमध्ये तीनपैकी एकच तुलना असते.

मग कन्स्ट्रक्टर, म्हणजे क्लासमधून नवा त्रिकोण तयार होताना चालणारा कोड. त्याने तीन बाजू घ्याव्यात, तपासाव्यात, त्रिकोण होत नसेल तर व्हॅल्यूएरर (किंमत चुकीची आहे हे सांगणारी पायथनची एरर) फेकावा. बस. आत इनपुट नको, प्रिंट नको. क्षेत्रफळाच्या मेथडनेही (क्लासमधल्या फंक्शननेही) उत्तर रिटर्न करायचं, छापायचं नाही. छापलेल्या आकड्याशी तुलना कशी करणार? क्षेत्रफळ साठवूनही ठेवू नका, मागितलं की मोजा. बाजू नंतर बदलता आल्या तर केलेली तपासणी पाण्यात जाते, म्हणून मी फ्रोझन डेटाक्लास, म्हणजे एकदा भरलेल्या किमती बदलू न देणारा क्लास, वापरायला सांगते. (क्लासचं नाव देवनागरीत ‘त्रिकोण’ ठेवलं तरी पायथन ३ ला चालतं. परीक्षकांना चालेल का, ते विचारून घ्या.)

अट लिहायची एक पद्धत मी आग्रहाने सांगते. ‘बाजू शून्य किंवा कमी असेल तर नाकार’ असं न लिहिता ‘बाजू शून्यापेक्षा मोठी नसेल तर नाकार’ असं लिहा. दिसायला एकच, पण फ्लोटमध्ये (पायथनच्या दशांश संख्यांमध्ये) ‘नॅन’, म्हणजे ‘संख्या नाही’, अशी एक किंमत असते आणि तिच्याशी केलेली लहान-मोठी तुलना कायम खोटी ठरते. पहिल्या अटीतून नॅन आत शिरतो, दुसरीत अडकतो. बेरजेची अटही तशीच लिहिली, तर अनंत बाजूही बाहेर राहते.

दशांशांचा गोंधळ वेगळाच. ०.१, ०.२, ०.३ हे कागदावर अक्षेत्र. पण पायथनमध्ये ०.१ + ०.२ हे ०.३ पेक्षा किंचित मोठं निघतं आणि त्रिकोण खुशाल तयार होतो. या पातळीवर माझं उत्तर सोपं: बाजू पूर्ण मिलिमीटरमध्ये घ्या आणि तसं क्लासच्या वर लिहून ठेवा. क्षेत्रफळ मात्र फ्लोटच राहणार. १, १, १ चं उत्तर ०.४३३०१२७ च्या आसपास येतं, तिथे बरोबरच्या दोन चिन्हांनी तुलना न करता दोन संख्या पुरेशा जवळ आहेत का ते सांगणारं मॅथ मॉड्यूलमधलं ‘इझक्लोज’ वापरा.

समभुज, समद्विभुज, विषमभुज सांगणारी मेथड हवी असेल तर समभुज त्रिकोणाला समद्विभुजही म्हणायचं का, ते आधी ठरवा. ३-३-४ च्या तिन्ही मांडण्या तपासा. ‘एवढ्याशा क्लासला किती टेस्ट?’ असं विचारणाऱ्यांना मी ग्लेनफर्ड मायर्स यांच्या १९७९ च्या टेस्टिंगवरच्या पुस्तकाचं उदाहरण देते. त्याची सुरुवातच तीन बाजूंवरून त्रिकोणाचा प्रकार सांगणाऱ्या प्रोग्रामला कोणत्या टेस्ट लावाल, या प्रश्नाने होते, आणि कसलेल्या प्रोग्रामरना १४ पैकी सरासरी ७.८ गुण पडतात, असं ते नोंदवतात.

सगळं हिरवं झालं, म्हणजे सगळ्या टेस्ट पास झाल्या, की कोड मुद्दाम मोडा. बेरजेच्या अटीत ‘मोठी’च्या जागी ‘मोठी किंवा समान’ करा: १-२-३ ची टेस्ट लाल (नापास) झाली पाहिजे. तीनपैकी एक तुलना उडवा, पुन्हा चालवा. काही मोडूनही सगळं हिरवंच राहिलं, तर तक्त्यात कुठली ओळ कमी आहे ते शोधा, ती भरा आणि मगच जर्नलवर सही घ्यायला या.