जेसीबी लावण्याआधी या चुका टाळा

सोसायटीच्या गेटबाहेर पाण्याच्या नव्या जोडणीसाठी चर खोदत होतो. दोन-अडीच फुटांवर बकेटमधून मुरमाबरोबर चार पक्क्या विटा वर आल्या. ऑपरेटर म्हणाला, "राडारोडा असेल, साहेब." मीही मान डोलावली. पुढच्या बकेटला वाळू आली तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. मुरमात वाळूचा थर येईल कुठून? मशीन थांबवलं. वीज कंपनीचा लाइनमन आला, त्याने वाळू बाजूला केली, तर चार बोटांवर ११ केव्हीची, म्हणजे ११ हजार व्होल्टची केबल.

ओळीत लावलेल्या विटा किंवा फरशा, वाळू, रंगीत प्लॅस्टिकची पट्टी यांतलं काहीही दिसलं की तिथेच थांबायचं. ती खूण आपल्यासाठीच पुरलेली असते.

पण माझी खरी चूक आधीच झाली होती. मी एकाच कार्यालयात विचारलं होतं. पाणीपुरवठ्याचे लोक त्यांची लाइन दाखवतात. वीज, गॅस, ड्रेनेज आणि फायबर यांचे मालक वेगळे. शिवाय रस्ता खोदाईची परवानगी म्हणजे खाली काय आहे याची माहिती नव्हे. दूरसंचार विभागाचं 'कॉल बिफोर यू डिग' हे अ‍ॅप मार्च २०२३ मध्ये सुरू झालं. खोदणाऱ्याने त्यावर जागा कळवली की तिथल्या नोंदणीकृत लाइनमालकांना सूचना जाते. ज्यांची नोंद नाही त्यांना मात्र आपणच गाठायचं.

नकाशा मिळाला की लोक निर्धास्त होतात. ११ केव्हीची केबल साधारण ९० सेंटिमीटरवर आणि गॅसची मुख्य लाइन मीटरभर खोल टाकायची, असा दंडक आहे. पण तो टाकतानाचा. नंतर रस्ता खरवडला, फुटपाथ उतरवला, की तीच लाइन हातभर खोलीवर येते. लाइनची जागा दाखवणाऱ्या दोन मार्कर दगडांमध्ये मनाने सरळ रेघ मारणं हीसुद्धा नेहमीची चूक. मधलं झाड किंवा चेंबर टाळायला लाइन वळवलेली असते. लोकेटर, म्हणजे जमिनीखालची लाइन शोधणारं यंत्र, फिरवून 'काही नाही' आलं तरी भरवसा नको. प्लॅस्टिकचा गॅस पाइप किंवा फायबरचा डक्ट (केबल ओवायची नळी) साध्या लोकेटरला दिसत नाही, सोबत तांब्याची तार असली तरच सापडतो.

म्हणून चाचणी खड्डा. लाइनला काटकोनात, हाताने, फावड्याने थर थर काढत. पहार सरळ खाली ठोकायची नाही, टिकावही जवळ आल्यावर बाजूला ठेवायचा. लाइन डोळ्यांनी दिसेपर्यंत तिथे जेसीबी नको. अर्धा दिवस जातो, हे खरं. मजूर कुरकुरतातही.

धक्का लागलाच तर?

गॅसच्या पाइपवर नुसता ओरखडा आला तरी मातीने झाकू नका, कंपनीला कळवा. गळती असेल तर मशीन बंद, माणसं वारा जिकडून येतोय तिकडे, आणि फोन लांब जाऊन. पाइप वाकवून सुतळीने बांधणारे बहाद्दर मी पाहिलेत. प्लॅस्टिकवर साचलेल्या स्थिर विजेची एक ठिणगीही त्यांना पुरेशी असते. गॅस पेटलाच तर ज्वाला विझवायला जाऊ नका. ती विझली आणि गॅस सुरूच राहिला, तर साचून स्फोट होतो. आजूबाजूची माणसं हलवा, अग्निशमन दलाला बोलवा.

केबलला बकेट लागली तर ऑपरेटरने केबिनमध्येच बसून राहायचं, बाकीच्यांनी लांब. 'लाइट गेली, म्हणजे करंट नाही' हा हिशेब चुकीचा. फीडर, म्हणजे त्या भागाला वीज देणारी लाइन, पुन्हा चालू केला जाऊ शकतो. मशीनला आग लागली तरच उतरायचं, तेही दोन्ही पाय जोडून उडी मारून, मशीन आणि जमिनीला एकाच वेळी स्पर्श न होऊ देता.

भरणी करताना वाळू, विटा, पट्टी त्याच क्रमाने परत. त्याआधी टेप लावून लाइनचं कंपाउंड भिंतीपासूनचं अंतर मोजा, फोटो काढा. आमच्या सोसायटीच्या मीटररूममध्ये आता तो फोटो लावलाय, टेपवरचा आकडा वाचता येईल एवढा मोठा.