नवीन मेंबर झालात? पंचायतीचं वर्ष एप्रिलपासून नाही, गणपतीपासून मोजा

निवडून आल्यावर पहिला महिना हारतुरे आणि चहा यातच जातो. मग पहिली मासिक सभा लागते, ग्रामसेवक प्रोसिडिंग बुक (सभेच्या इतिवृत्ताची वही) पुढे सरकवतात आणि बोलतात इथे सही करा. मी केली. न वाचता केली, आणि तीन महिन्यांनी कळलं की ज्या विषयावर आपण गावभर बोंब मारत फिरतोय तो ठराव आपल्याच सहीने मंजूर झालाय. आमचं गाव दापोली तालुक्यात, खाडीच्या तोंडाशी. पाच वर्षं मेंबर होतो, त्यातली अडीच उपसरपंच. आता नवीन पोरं निवडून आलीत, ती येऊन विचारतात की वर्षभर नक्की करायचं काय, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पहिली गोष्ट, पंचायतीला दोन वर्षं असतात. एक कागदावरचं, १ एप्रिल ते ३१ मार्च. दुसरं गावातलं, म्हणजे गणपती, शिमगा आणि मे महिना, जेव्हा मुंबैकर येतो आणि बंद घरांची कुलपं निघतात. कोकणातली पंचायत फसते ती बहुतेक वेळा ही दोन वर्षं जुळवता न आल्याने. देशावरच्या पंचायतीचं वेळापत्रक आणून इथे लावलंत तर वसुली होणार नाही, कोरम होणार नाही, आणि सिमेंटला मारायला पाणी मिळणार नाही. तिन्ही अनुभव घेऊन झालेत.

दर महिन्याचं काम थोडक्यात सांगतो. महिन्याला एक मासिक सभा झालीच पाहिजे, नोटीस तीन पूर्ण दिवस आधी हातात, निम्मे मेंबर हजर असले की गणपूर्ती, म्हणजे कोरम. परवानगीशिवाय सलग सहा महिने सभेला गेला नाहीत तर पद जाऊ शकतं, तेव्हा नोकरीधंद्यासाठी मुंबईला राहणाऱ्यांनी हे लिहून ठेवा. सभेत नमुना ५ मागायचा, म्हणजे रोकडवही, आणि बँकेचं पासबुक शेजारी ठेवून दोन्हीची शिल्लक मिळवून बघायची. अकाउंट कळत नाही असं म्हणू नका, पतपेढीचं पासबुक बघता ना, तेवढंच आहे. आणि प्रोसिडिंग त्याच सभेत लिहून, वाचून, मगच सही. खाली कोरी जागा सोडली असेल तर आडवी रेघ मारायला लावा. ग्रामसेवक (कागदावर आता ग्रामपंचायत अधिकारी झालेत, गावात ग्रामसेवकच) जरा तोंड वाकडं करतील, करूदेत.

अजून एक, स्वतःची घरपट्टी आधी भरा. बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत मेंबरने कर भरला नाही तर तो अपात्र ठरू शकतो, आणि विरोधी पॅनलवाले हेच पहिलं शोधतात. घर वडलांच्या नावावर असलं तरी भरून पावती फाईलला लावा, उगाच वाद नको.

आता गणपती. घरपट्टीची बिलं बऱ्याच पंचायती फेब्रुवारीत वाटतात आणि मार्चमध्ये दारोदार फिरतात, पण फेब्रुवारीत आमच्या वाडीत निम्म्या घरांना कुलूप असतं, बिल कुणाला देणार, कडीला अडकवून ठेवलं तर शिमग्यापर्यंत उंदीर खातात. आम्ही दुसऱ्या वर्षी बदललं. बिलं जुलैअखेर तयार केली, गणपतीच्या आदल्या दिवसापासून शिपाई आणि दोन मेंबर पावतीपुस्तक घेऊन वाडीवाडीत. नियमात सोय पण आहे, ३० सप्टेंबरच्या आत भरलं तर पाच टक्के सूट आणि वर्ष संपल्यावर थकलं तर पाच टक्के दंड, आणि गणपती सप्टेंबर संपायच्या आतच येऊन जातात, मग सूट सांगायला यापेक्षा चांगली वेळ कुठली. फक्त आरतीच्या वेळी आणि जेवणावर जाऊ नका. सकाळी दहाच्या सुमारास पडवीत माणसं निवांत बसलेली असतात, प्रसादाचा मोदक खायचा आणि मग विषय काढायचा.

खरी अडचण पैशाची नसतेच. घर आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन तीस वर्षं झाली, चार भावांची सतरा पोरं, प्रत्येक जण बोलतो मी एकट्याने का भरू. अशा ठिकाणी भांडू नका. नमुना ८ चा उतारा, ज्याला आपल्याकडे असेसमेंट बोलतात, तो दाखवायचा आणि सांगायचं की वारसनोंदीचा अर्ज आत्ता सगळे जमलात तर आत्ताच द्या, पुन्हा एकत्र कधी याल. अर्ध्या वेळा त्यातून घरपट्टी पण सुटते. नुसती पावती दिली म्हणून मालकी सिद्ध होत नाही हे पण स्पष्ट बोला, नाहीतर भाऊबंदकीत तुमची पावती पुरावा म्हणून फिरते. जे अजिबातच भरत नाहीत त्यांना मागणीची नोटीस काढायची आणि प्रकरण राष्ट्रीय लोकअदालतीत टाकायचं, तिथून बरीच वसुली तडजोडीने होते, आणि कोर्टाचा कागद मुंबईच्या पत्त्यावर गेला की फोन आपोआप येतो.

ग्रामसभेचंही तेच. वर्षाला कमीत कमी चार, साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास. गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी ते. आमचे मतदार साधारण अकराशे, म्हणजे १०० लागतात, आणि १५ ऑगस्टला भर पावसात झेंड्याला ४० माणसं, त्यातली निम्मी शाळेची पोरं. सभा तहकूब. तहकूब सभेला कोरम लागत नाही हे खरं, आणि खूप गावं याच जोरावर दहा माणसांत सगळं उरकतात, पण मग पुढची पाच वर्षं ऐकावं लागतं की आम्हाला विचारलं कुठे. आम्ही तहकूब सभेची तारीख गौरी गेल्यानंतरची धरली. सभामंडपात १६० माणसं. फक्त दोन पथ्यं पाळा. तहकूब सभेत जुन्या अजेंड्यावरचेच विषय घ्यायचे, नवीन काही घुसवायचं नाही. आणि गावच्या मतदार यादीत नाव असेल तोच ग्रामसभेचा सदस्य, ज्याचं मत मुंबईत त्याने बसावं, बोलावं, पण हात वर करायचा नाही. हे सुरवातीलाच माइकवर सांगा, मधे सांगितलंत तर भांडण. आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा वेगळी घ्यायची असते, ती कागदावर उरकू नका. आमच्याकडे नळाचं पाणी शेवटच्या चार घरांना पोचत नाही हे पहिल्यांदा तिथेच कळलं, पुरुषांच्या सभेत तीन वर्षं फक्त सभामंडपाच्या फरशीवर चर्चा चालू होती.

हां, गावकी (गावची जुनी परंपरागत संघटना) आणि पंचायत यांची सरमिसळ नको. गावकीची मिटिंग देवळात होते, मानपान तिथे, पालखी तिथे. तिथे ठरलेलं पंचायतीच्या ठरावात जसंच्या तसं उतरवता येत नाही. पण गावकीच्या मिटिंगला जाऊन बसा जरूर, अर्ध्या कामांची जागा तिथेच सुटते.

ऑक्टोबरला पाऊस गेला की पुढच्या वर्षाच्या कामांचा विकास आराखडा. आमचा गाव आमचा विकास. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून ही गडबड सुरू होते आणि पुढच्या वर्षाची कामं यात नसतील तर ती वित्त आयोगाच्या पैशातून होत नाहीत, ई-ग्रामस्वराजवर (पंचायतींच्या सरकारी पोर्टलवर) काम चढलेलंच नसतं मग बिल कशाचं निघणार. पंधराव्या वित्त आयोगात २०२१ पासून ६० टक्के बंधित (ठरलेल्या कामालाच वापरायचा) आणि ४० टक्के अबंधित असा हिशोब होता, बंधितातलं निम्मं पाण्याला, निम्मं स्वच्छतेला. आयोग बदलला की टक्के बदलतात, म्हणून चालू वर्षाचं पत्र ग्रामसेवकांकडून मागूनच घ्या, ऐकीव आकड्यावर वाडीला शब्द देऊ नका. शिवाय पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला बालकल्याण आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी ठेवायचे असतात. हे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात स्टीलची भांडी वाटून संपवायची पद्धत आहे, ती मोडा.

वाडीत काम मंजूर करायच्या आधी जागा बघा. पाखाडी (वाडीतली पायवाट) किंवा रस्ता नमुना २३ ला, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत, नोंदलेला आहे का? नसेल तर सातबाऱ्यावरच्या सगळ्यांचं संमतीपत्र, आणि आपल्याकडे सातबारा म्हणजे चाळीस नावं, त्यातली बारा नालासोपाऱ्यात. हे काम पण गणपतीत किंवा शिमग्यात. एक जण आडवा आला की निधी परत जातो.

आता माझी सगळ्यात मोठी चूक सांगतो. वरच्या वाडीची पाखाडी, मंजुरी मार्चमध्ये आली, ठेकेदाराने एप्रिल घालवला आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात काँक्रीट टाकलं. विहिरीला पाणी नाही, वाडीला प्यायला टँकर, मग काँक्रीटवर मारणार काय. दोन दिवस बायकांनी हंड्याने मारलं, तिसऱ्या दिवशी त्याच बोलल्या की मेंबर, आम्ही प्यायचं की तुमच्या पाखाडीला पाजायचं. ऑगस्टपर्यंत वरचा थर निघून खडी उघडी. पैसे दिले गेले होते, एमबीत (कामाच्या मोजमाप पुस्तकात) मोजमाप बरोबर होतं. म्हणून सांगतो, कोकणात बांधकाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यासाठी इस्टिमेट आणि तांत्रिक मान्यतेच्या मागे पावसाळ्यातच लागायचं, शाखा अभियंत्याला जागा बघायला चिखलातच न्यायचं, उलट पाणी कुठून येतं ते तेव्हाच दिसतं. सरपंच नवीन असेल तर त्याच्या डिजिटल सहीचं काम पहिल्या महिन्यात उरका, ती झाल्याशिवाय वित्त आयोगाचा रुपया हलत नाही.

नोव्हेंबर-डिसेंबरला वनराई बंधारे, म्हणजे गोण्यांत माती भरून घातलेले कच्चे बंधारे. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आधीपासून जमवा, पऱ्याला (ओढ्याला) पाणी वाहतंय तोवरच घालायचे, जानेवारीत घातलेला बंधारा फोटोपुरता. शाळा, बचतगट, मंडळ, सगळ्यांना एक रविवार, वर वडापाव आणि चहा. अंदाजपत्रक, म्हणजे नमुना १, पण याच काळात बसतं. त्यात घरपट्टीचा जमेचा आकडा फुगवू नका, वर्षाच्या शेवटी तो आकडा तुमच्याकडेच बोट दाखवतो.

मार्चमध्ये शिमगा आणि वर्षअखेर एकदम येतात. पालखी वाडीत नाचत असताना ग्रामसेवकाला पंचायत समितीतून फोनवर फोन. या महिन्यात नवीन काही सुरू करायचं नाही, फक्त बिलं, उरलेली वसुली आणि मागच्या लेखापरीक्षणातल्या आक्षेपांची पूर्तता. आक्षेपांचं पुस्तक मागून वाचाच, आधीच्या बॉडीने काय केलंय ते भाषणापेक्षा तिथे जास्त कळतं.

पाणीटंचाई आराखडा ऑक्टोबर ते जूनचा तीन टप्प्यांत असतो, आणि कुठल्या वाडीला टँकर लागतो हे तुम्हाला पाठ असतं, तर नाव ऑक्टोबरातच घाला, एप्रिलमध्ये ठराव घेऊन पळू नका. विहिरींचा गाळ काढणं मे महिन्यात, पाणी तळाला असताना.

मेच्या १५ तारखेपर्यंत पावसाळ्याची तयारी. गटारं, पऱ्यांची तोंडं, साकवाच्या (छोट्या पायपुलाच्या) फळ्या, लाइटच्या तारांवर आलेल्या फांद्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे निम्मे पोल आडवे, सुपारीच्या बागा झोपलेल्या, रस्त्यावर आंब्याची झाडं. तेव्हा दोन गोष्टी शिकलो. एक, झाड कापायचा कटर आणि तो चालवणारा माणूस गावात असला पाहिजे, तालुक्याहून येणारा तिसऱ्या दिवशी येतो. दुसरी, पंचनामा. आमच्या वाडीतली एक काकी, छप्पर पूर्ण उडालेलं, भिजलेल्या तांदळाच्या पिंपावर बसलेली. कागद मागितले तर असेसमेंटवर घर दिराच्या नावावर आणि पाठीमागची खोली, जिथे ती खरी राहत होती, ती नोंदलेलीच नाही. मदत तिला मिळाली, पण शेजाऱ्यांच्या नंतर कित्येक महिन्यांनी, आणि दरवेळी तालुक्याला हेलपाटे. म्हणून वाढीव बांधकामाची नोंद नमुना ८ ला वेळच्या वेळी घालून घ्या. लोकांना वाटतं पंचायत कर वाढवायला येते, त्यांना काकीची गोष्ट सांगा.

जून-जुलैला बाकी काही नाही, फक्त पाणी. हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर) हा हिशोब, पावडर उघडी, ओलसर राहिली असेल तर तिच्यात दम नसतो. टाकीत टाकलं असं शिपाई सांगेल, तुम्ही टाकीजवळ जाऊ नका, शेवटच्या नळावर जा. ओटीची (क्लोरीन तपासायच्या औषधाची) बाटली खिशात ठेवा, नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे, पिवळसर झालं तर क्लोरीन पोचलं, पांढरंच राहिलं तर नाही. पहिल्या वर्षी मी सकाळी सात वाजता सलग चार नळ तपासले, चारही पांढरे. शिपायाला काही बोललो नाही, फक्त ती नळी त्याच्या हातात दिली, दुसऱ्या दिवसापासून पिवळं. आरोग्यवाले पावसाआधी आणि नंतर पाण्याची पाहणी करून कार्ड देतात, हिरवं, पिवळं किंवा लाल. लाल आलं तर ते कपाटात ठेवू नका, मासिक सभेत वाचा आणि कुठली विहीर, कुठला व्हॉल्व ते ठरवून दुरुस्त करा.

आणि जुलैच्या वीस तारखेला घरपट्टीची बिलं छापायला टाका. प्रिंटर पावसात हमखास बिघडतो.