मेंढी आंग घासते? आधी लोकर फाकवा

धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडच्या वाड्यांवर मेंढ्या पाळणारे ठेलारी भाऊ मला हटकून विचारतात, "डॉक्टर, मेंढी आंग घासस, काय करू?" बहुतेक वेळा ती खरूजच असते. लोकर फाकवा. खपल्या, ओलसर पिवळट चिकटा दिसला तर खरजेचं औषध द्या, अख्ख्या कळपाला द्या, विषय संपला.

कातडी मात्र स्वच्छ आहे, मेंढी दोन ते पाच वर्षांची आहे, चरूनही वाळतेय, तर शेपटीच्या वरच्या बाजूला पाठीवर बोटांनी जोरात खाजवा. ती मान वर करून ओठ चाळवते, जीभ काढते का बघा. (खरजेतही असं होतं, म्हणून कातडी आधी.) मग तिला चालवा. मागचे पाय लडखडले, पळताना सशासारख्या उड्या मारल्या, तर स्क्रेपी या मेंदूच्या रोगाची शंका धरा. भारतात हा रोग हिमालयाच्या पायथ्याच्या मेंढ्यांत आढळल्याचं 1961 मध्ये नोंदवलं गेलं.

याचं कारण जंतू नाही. प्रियॉन, म्हणजे आकार बिघडलेलं प्रथिन. लस नाही, औषध नाही. 1936 मध्ये फ्रान्समध्ये क्युईये आणि शेल यांनी रोगी मेंढीचा मज्जारज्जूचा भाग निरोगी मेंढ्यांना टोचला, तेव्हा रोग दिसायला वर्षाहून जास्त काळ लागला. म्हणून "मागच्या महिन्यात बाजारातून आणली, तेव्हा ठीक होती" याला माझ्या लेखी काही किंमत नाही.

पुढच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट कळली: सगळ्या मेंढ्या सारख्या बळी पडत नाहीत. प्रियॉन प्रथिनाच्या जनुकाचे प्रकार असतात: व्हीआरक्यू प्रकाराच्या मेंढ्यांना रोग लवकर धरतो, आई-बाप दोन्हीकडून एआरआर प्रकार मिळालेल्यांना नेहमीची स्क्रेपी सहसा होत नाही. ब्रिटनमध्ये याच तपासणीवर मेंढे निवडले. आपल्याकडे निदान एवढं करा: शंका असलेल्या मेंढीचा बच्चा पैदाशीचा नर म्हणून ठेवू नका. एक नर पूर्ण कळपात पसरतो.

शंकेची मेंढी वेगळी बांधा. विकू नका, कापू नका, आणि पशुवैद्याला बोलवा. पक्कं निदान मेंदूच्या तपासणीतून होतं. ती व्यायली तर सगळ्यात आधी जार उचला. रोग पसरवण्यात जारेचा मोठा वाटा आहे, आणि बाकीच्या मेंढ्या ती चाटतात, कधी खातातही. कुत्र्यापुढे टाकू नका. उकळून किंवा फॉर्मॅलिनने प्रियॉन मरत नाही, चुन्यावरही भिस्त ठेवू नका. ती जागा पुढच्या वेताला वापरू नका. तिथे मेंढरं बसवायचीच असतील तर गाभण नसलेली बसवा.