एन्सीकाला जाताना कप न्या

एनसीईसीए असं कुणी म्हणत नाही, तिथे सगळे 'एन्सीका' म्हणतात. मी पहिल्याच सकाळी अक्षरं सुटी सुटी उच्चारली आणि नवखी आहे हे जाहीर करून टाकलं.

अमेरिकेतल्या मातीकाम करणाऱ्यांची आणि ते शिकवणाऱ्यांची ही संस्था १९६६ पासूनची. पूर्ण नाव 'नॅशनल काउन्सिल ऑन एज्युकेशन फॉर द सिरॅमिक आर्ट्स'. त्यात एज्युकेशन आधी येतं, आर्ट्स नंतर. वर्षातून एकदा, बहुधा मार्चमध्ये, दरवेळी नव्या शहरात अधिवेशन भरतं. मी जे.जे.तून सिरॅमिक्स करून एमएफएला, म्हणजे कलेतल्या पदव्युत्तर पदवीला, आले होते. माझं पहिलं अधिवेशन मिनियापोलिसचं, मार्च २०१९.

तिथे केलेली पहिली चूक म्हणजे कार्यक्रमपत्रिका लग्नाच्या याद्यांसारखी पाठ केली. या दालनातलं व्याख्यान संपलं की त्या दालनात पळत सुटायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाय बोलायला लागले, तेव्हा प्रात्यक्षिकाच्या सभागृहात जाऊन बसले. मंचावर कलाकार तासन्‌तास चाकावर काम करतात आणि करता करता बोलतात. फसलेलं भांडंही सगळ्यांसमोरच फसतं. व्याख्यानापेक्षा हे धरा. शाळकरी मुलांच्या कामाचं प्रदर्शनही चुकवू नका. तिथली कामं पाहून मला माझ्या प्रबंधाची जरा लाजच वाटली.

खरी गंमत कपांची. सभासदांनी दिलेल्या कपांची विक्री होते, त्यासाठी सकाळी रांग लागते आणि पैसे संस्थेच्या मदतनिधीला जातात. शिवाय लोक आपापसांत कप बदलतात. वॉरन मॅकेंझी तीन महिन्यांपूर्वीच, ३१ डिसेंबर २०१८ ला गेले होते. याच भागात राहून रोजच्या वापराची, सामान्यांना परवडणारी भांडी करणारा हा माणूस. त्यामुळे त्या वर्षी साध्या कपाला तिथे वेगळंच वजन होतं.

मी चार कप मोज्यांत गुंडाळून नेले होते. बसमध्ये एकाचा कान तुटला. तो लपवून बाकीचे दाखवत बसले. माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, तसे हे लोक कप उलटा करून बूड बघतात. तेव्हा बूड नीट घासून न्या. आणि 'किती अंशावर भाजलं?' असं कुणी विचारत नाही, 'कोन किती?' विचारतात. हा कोन म्हणजे भट्टीत ठेवायचा मातीचा छोटा शंकू, ठरावीक उष्णतेला तो वाकतो. कोन सहा म्हणजे साधारण १२२० अंश सेल्सियस, एवढं जिभेवर असू द्या.

दालनात विद्यापीठं आणि रेसिडेन्सी, म्हणजे कलाकारांना काही काळ राहून काम करू देणारी ठिकाणं, यांचे स्टॉल असतात. मोंटानातलं आर्ची ब्रे, १९५१ साली वीटभट्टीच्या आवारात सुरू झालेलं, त्याचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. अशा ठिकाणी पुढे अर्ज करायचा असेल तर आत्ताच प्रश्न विचारा: भट्टी कुणाच्या वाट्याला किती, मातीचा खर्च कुणाचा, व्हिसाच्या कागदांचं कोण बघतं. शेवटचा प्रश्न विचारायला मला संकोच वाटला. पुढे तोच नडला.

एका स्टॉलवरच्या प्राध्यापकांनी माझ्या पिशवीतला तुटक्या कानाचा कपच मागून घेतला. जोड कुठे सुटला ते विद्यार्थ्यांना दाखवायचं म्हणाले. घरी आल्यावर त्यांना ईमेल केली. नाव लिहिलंच, पण त्याआधी लिहिलं, 'माझा तुटक्या कानाचा कप तुमच्याकडे आहे.' उत्तर त्याच संध्याकाळी आलं.